समलिंगी पुरुषांविषयीचे चित्रपट : वस्तुकरण आणि वेध्यता

व्यक्तीला केवळ साधन अथवा पदार्थ मानून तिच्याशी व्यवहार करणे, म्हणजे वस्तुकरण होय. मार्था नुसबॉम यांनी १९९५ साली या संकल्पनेचे सात घटक विशद केले. समोरच्याची सीमा मोडण्यास हरकत नाही, अशी धारणा हा त्यांतील एक. वस्तुकरण व वेध्यता यांचा सांधा येथेच जुळतो. कारण ज्याला वस्तू मानले, त्याचे दार ठोठावण्याची गरज उरत नाही.

हंसल मेहता यांचा 'अलीगढ' (प्रदर्शन २०१६) या दृष्टीने मननीय आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे कवी रामचंद्र सिरस यांच्या निवासस्थानी फेब्रुवारी २०१० मध्ये काही इसम घुसले व त्यांनी त्यांच्या खाजगी क्षणांचे चित्रण केले. विद्यापीठाने सिरस यांना निलंबित केले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी ते मृतावस्थेत आढळले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयानंतर प्रौढांचा संमतीचा असा संबंध गुन्हा मानला जात नव्हता. तेव्हा त्यांची वेध्यता दंडविधानातून नव्हे, तर नोकरी, निवास व लौकिक यांवरील परकीय सत्तेतून उद्भवली, असे म्हणावे लागते.

कॅमेऱ्याने केलेला अन्याय कॅमेऱ्यानेच कसा सांगावा, हा दिग्दर्शकापुढील पेच होय. घुसखोरीचा प्रसंग दाखविताच प्रेक्षकही डोकावणाऱ्यांत सामील होतो. यावर तोड म्हणून चित्रपट मनोज बाजपेयी यांच्या मुद्रेवर दीर्घकाळ स्थिरावतो : मद्याचा पेला हाती घेऊन लता मंगेशकरांचे गाणे ऐकणारा एकाकी प्राध्यापक. आपल्या भावना तीन अक्षरांच्या इंग्रजी शब्दात मावत नाहीत, असे तो सहानुभूत वार्ताहरासच सुनावतो. हितचिंतकाचे वर्गीकरण हेही वस्तुकरण ठरू शकते, हा येथील मार्मिक बोध आहे. तथापि, नायकाचे दुःख हीच त्याची ओळख होण्याचा धोका अशा कथेत राहतोच.

रोहन कानवडे यांचा मराठी चित्रपट 'सबर बोंडं' २०२५ साली सन्डान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाच्या सर्वोच्च परीक्षक पारितोषिकाचा मानकरी ठरला. पित्याच्या निधनानंतर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेतकरी बाळ्या यांची ही कथा. नातलगांचे विवाहविषयक प्रश्न येथेही बोचतात. परंतु पाहणे परस्परांचे असल्याने दोघांपैकी कोणीही निव्वळ दृश्यवस्तू होत नाही. येथे वेध्यता ही विश्वासाने दिलेली गोष्ट ठरते. धाराशिवच्या माळरानाशी परिचित असलेल्या विद्यार्थ्यास निवडुंगाच्या बोंडाचे रूपक उलगडून सांगावयास नको : काटे जपून काढल्यावाचून ते हाती धरवत नाही.

म्हणून अशा चित्रपटांची परीक्षा करताना देह किती दाखविला, हा प्रश्न गौण होय. पाहण्याचा अधिकार कोणी दिला, हा मुख्य.