फिल्टरचा आवाज आणि माशांचा श्वास

रात्रीं दिवे मालवले, रस्त्यावरची रहदारी मंदावली, म्हणजे दिवसां कानांवर न येणारे आवाज घरांत जागे होतात. ज्या घरांत रंगीत माशांची काचेची पेटी असते, तेथें अशा वेळीं पाण्याची अखंड टपटप किंवा यंत्राची घरघर ऐकूं येऊं लागते. दोनचार रात्री ती गोड वाटते. मग एके रात्रीं घरांतील कोणी तरी त्रासून उठतें, फिल्टरचें बटण बंद करतें आणि स्वस्थ झोंपतें. श्रोतेहो, आजच्या भाषणांत मला मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे कीं, तें बटण बंद करूं नये. आवाज थांबवितां येतो. त्यासाठीं यंत्र थांबविण्याची गरज नाहीं.

बटण कां बंद करूं नये, हें आधीं पाहूं. मासे पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात, आणि हा प्राणवायु मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागांतून आंत शिरतो. पृष्ठभाग हालता असला, म्हणजे वरचें पाणी खालीं व खालचें वर येऊन तो सर्व थरांस पोंचतो. पाणी जितकें उष्ण, तितका प्राणवायु त्यांत कमी मावतो. २० अंश सेंटिग्रेडला एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर सुमारें साडेसातच. शिवाय पेटींतील वनस्पति रात्रीं प्राणवायु देत तर नाहींतच, उलट घेतात. त्यामुळें उन्हाळ्याच्या रात्रीं, दाटीनें मासे ठेवलेल्या पेटींतील फिल्टर बंद केला, तर पहाटे ते पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत असलेले दिसतात. कधीं कधीं मेलेलेहि दिसतात. दुसरी गोष्ट अशी कीं, फिल्टरच्या स्पंजांत असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. माशांपासून निघणाऱ्या विषारी अमोनियाचें ते प्रथम नायट्राइटमध्यें, व मग पुष्कळ कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. त्यांनाहि प्राणवायु लागतो. वाहतें पाणी थांबलें कीं त्यांचा श्वास कोंडतो.

तेव्हां इलाज करावयाचा तो आवाजावर. त्यासाठीं पहिलें काम शांतपणें ऐकण्याचें. आवाज पडणाऱ्या पाण्याचा आहे, यंत्राच्या आंतला आहे, कीं पेटीला लागून असलेल्या वस्तूंच्या थरथरण्याचा आहे, हें ठरलें म्हणजे अर्धें काम झालें.

पडणाऱ्या पाण्याचा आवाज प्रथम घेऊं. थेंब पाण्यावर आपटतो म्हणून तो होतो, अशी आपली समजूत असते. खरें कारण निराळें आहे. थेंब पडतांना पाण्याखालीं हवेचा एक बुडबुडा कोंडला जातो, आणि तो आकुंचन-प्रसरण पावत घंटेसारखा वाजतो. उट्रेख्ट येथील शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनीं १९३३ सालीं या सुराचें गणित मांडलें. बुडबुडा जितका लहान, तितका सूर उंच. तीन मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदास सुमारें १००० कंपनें करतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा ३००० हून अधिक, आणि अशा उंच सुरांविषयीं मनुष्याचा कान विशेष तीक्ष्ण असतो. २०१८ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील संशोधकांनीं गळत्या नळाच्या थेंबांचीं अतिजलद छायाचित्रें घेऊन हा आवाज कोंडलेल्या बुडबुड्याच्याच कंपनांतून निघतो, असें दाखविलें. पाण्यांत भांडीं घासण्याचा साबण मिसळल्यास तो थांबतो, असेंहि त्यांना आढळलें. पण हा उपाय नळाखालच्या भांड्यापुरता! माशांच्या पाण्यांत साबणाचा अंशहि जातां कामा नये. त्यानें त्यांच्या कल्ल्यांस इजा होते.

आपला उपाय असा कीं, पाणी पडूं न देतां सरकूं द्यावें. काठावर टांगलेल्या फिल्टरमधून पाणी धबधब्यासारखें पडतें. पेटींतील पाणी त्याच्या ओठापासून एखाद्या सेंटिमीटरवर असेल, तर आवाज जवळजवळ होत नाहीं. तें चार बोटें खालीं गेलें कीं टपटप सुरू होते. पावसाळ्यांत मुका असणारा फिल्टर वैशाखांत बोलूं लागतो, तो बहुधा बिघडलेला नसतो. कोरड्या हवेनें व डोक्यावरच्या पंख्यानें पाणी आटलेलें असतें. एक दिवस उघडें ठेवलेलें, किंवा क्लोरीन घालविणारें औषध घातलेलें पाणी भरून पातळी पूर्ववत् करावी. एवढ्यानें भागलें नाहीं, तर फिल्टरच्या ओठाशीं जाड छिद्रांच्या स्पंजाचा तुकडा अडकवावा, किंवा स्वच्छ प्लास्टिकची पट्टी उतरती बसवावी, म्हणजे पाणी तिच्यावरून घसरत जाईल. पेटीच्या आंत बसविलेल्या फिल्टरचें तोंड पृष्ठभागाच्या किंचित् खालीं ठेवून असें वळवावें कीं, वर नुसती लहर उठेल. माशांना धबधबा नको असतो. ही लहर पुरते.

तुषार उडतात ते पाणी उंचावरून पडल्यानें किंवा हवेचे मोठे बुडबुडे वर येऊन फुटल्यानें. हवेच्या नळीला बारीक छिद्रांचा दगड लावावा, हवा थोडी कमी करावी, आणि पेटीवर हवेस वाट ठेवून काचेचें झाकण घालावें. त्यानें पाणी आटण्याचें प्रमाणहि कमी होतें. येथें एक सावधगिरीची सूचना. विजेचा बोर्ड तुषारांच्या टप्प्यांत नसावा, आणि तार प्लगांत शिरण्यापूर्वीं त्याच्याहून खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारें पाणी बोर्डांत न जातां जमिनीवर ठिबकेल.

आतां यंत्राच्या आंतला आवाज. मोटरींत चुंबकाचा एक लहान दंडगोल व त्याला जोडलेलीं पातीं असतात. या चक्रीस इम्पेलर म्हणतात. तिच्याशीं शेवाळ, वाळूचा कण किंवा एखादी बारीक गोगलगाय अडकली कीं खडखड होते. आधीं प्लग काढावा, मग चक्री बाहेर घेऊन ती व तिचें घर जुन्या दांतांच्या ब्रशानें साफ करावें. आंस झिजला असेल तर बदलावा. स्पंज मात्र नळाखालीं धुवूं नये. क्लोरीननें जंतु मरतात. पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत तो पिळावा. वीज जाऊन आल्यावर गुरगुर ऐकूं आली, तर आंत हवा अडकली आहे असें समजावें. टांगलेल्या फिल्टरच्या डब्यांत पाणी भरून तो हलकेच कलता करावा.

राहिली थरथर. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, म्हणून चुंबकाच्या यंत्रांतून मंद गुंजन निघणारच. पण तंबोऱ्याचा भोपळा जसा तारेचा नाद वाढवितो, तसें पोकळ लाकडी कपाट हें गुंजन वाढवितें. यंत्र भिंतीला किंवा कपाटाला टेकूं देऊं नये. मध्यें रबराचा तुकडा घालावा. हवेचा पंप जाड घडीच्या कापडावर ठेवावा. तो पाण्याच्या पातळीहून उंच असावा, नाहीं तर नळींत पाणी उलट न येऊं देणारी झडप बसवावी. कारण वीज जातांच पाणी नळींतून पंपांत उतरूं शकतें.

हें सर्व करूनहि थोडी कुजबूज राहील, आणि तिची कानांस लवकरच सवय होईल. निजण्यापूर्वीं मात्र एकदां पेटीकडे पाहावें. पाणी काठाशीं आहे आणि वर लहर चालू आहे, एवढें दिसलें कीं दिवा मालवावा. घरच्या माणसांना झोंप मिळेल, आणि पेटींतील मुक्या जिवांना श्वास.