जुन्या गाडीला कोणतं पेट्रोल पाजावं?



कोकणात आपल्या वाडवडिलांना शनिवार तेली म्हणत, हे आपल्या मुलांना ठाऊक असतेच. घाण्यावर तेल काढायचे आणि शब्बाथला घाणा बंद. कोणते तेल खायचे, कोणते दिव्यात घालायचे, याची त्यांना पारख होती. इथे रेडमंडला आमच्या घरी गेल्या वर्षी तेलाचाच प्रश्न उभा राहिला, पण तो मोटारीच्या तेलाचा.

माझ्या मुलाने १९६६ सालची फोर्ड मस्टँग घेतली. सहा सिलिंडरची, रंग उडालेली. इथे रेडमंड टाउन सेंटरमध्ये शनिवारी सकाळी हौशी लोकांच्या गाड्यांचा मेळा भरत असे. शनिवार म्हणून आम्ही कधी गेलो नाही, पण नातवाने मित्रांकडून ऐकून ऐकून बापाच्या डोक्यात हे खूळ भरले. गाडी आली आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणे महागातले पेट्रोल घाला, दुसरा म्हणे ही बाटली ओता, तिसरा म्हणे ती. मी आयुष्यभर नर्सचे काम केले. रोग्याला काय झाले आहे हे न पाहता औषध देणारे मला आवडत नाहीत. म्हणून नातवाला घेऊन मी सगळे नीट समजून घेतले. तेच इथे सांगते.

पहिली गोष्ट आकड्यांची. इथल्या बहुतेक पंपांवर ८७, ८९ आणि ९२ असे आकडे दिसतात. हा ऑक्टेन. इंजिनात पेट्रोल आपल्या वेळेआधीच भडकले की टकटक आवाज येतो. मुंबईत रॉकेल मिसळलेले पेट्रोल मिळाले की टॅक्सी चढावर तसाच आवाज करायची, ते आठवा. आकडा जितका मोठा, तितके पेट्रोल असे अवेळी भडकत नाही. एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या आकड्यात ताकद जास्त नसते. भारतातला आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतात, म्हणून तिकडचे ९१ आणि इकडचे ८७ जवळजवळ एकच. गाडीच्या पुस्तकात साधे पेट्रोल लिहिले असेल आणि टकटक होत नसेल, तर महागडे घालणे म्हणजे धडधाकट माणसाला टॉनिक पाजणे.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल असते. भारतात २०२३ पासून २० टक्केवाले पेट्रोल पंपांवर आले. आपल्या महाराष्ट्रातले साखर कारखानेही त्यासाठी इथेनॉल काढतात. नव्या गाड्या त्या हिशोबाने बनवलेल्या असतात, जुन्या नसतात. मुलांनो, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, कारण मीठ हवेतला ओलावा ओढते. इथेनॉलही तसेच पाणी ओढते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि गंज धरतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, चिरतात.

आमच्याकडे हेच झाले. गाडी हिवाळाभर गॅरेजमध्ये होती. मार्चमध्ये एका सकाळी मी कपडे धुवायला गेले तर पेट्रोलचा वास आला. मुलगा म्हणाला, "आई, जुन्या गाडीला वास यायचाच." मी म्हटलं, "इतका नाही येत." त्याच गॅरेजमध्ये पाणी तापवायचा गॅसचा बंब आहे, त्यात लहानशी ज्योत कायम जळते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. मी दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, कोणाला लावू दिला नाही. हाताने दार वर केले, सगळ्यांना बाहेर काढले आणि बाहेरूनच गॅस बंद केला. नंतर पाहिले तर टाकीकडून येणारी नळी चिरून थेंब थेंब गळत होती. आम्ही बाटल्यांवर वाद घालत बसलो होतो आणि धोका त्या नळीत होता. एलियाहू हनाबीची कृपा, दुसरे काय!

म्हणून माझे सांगणे : आधी नळ्या, मग बाटल्या. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालाव्यात. त्यांवर एसएई ३० आर ९ असे छापलेले असते. फिल्टरही बदलावा, कारण इथेनॉलने टाकीतला जुना मळ सुटून तिथे अडकतो. जवळपास बिनइथेनॉलचे पेट्रोल मिळाले तर गाडी उभी ठेवण्याआधी ते भरावे. ते महाग असते, पण अशा गाडीला लागते तरी किती? नाही मिळाले तर पेट्रोल टिकवण्याचे औषध ताज्या पेट्रोलमध्ये, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने घालावे आणि इंजिन दहा मिनिटे, गॅरेजबाहेर, चालवावे. शिळ्या पेट्रोलला ते औषध पुन्हा ताजे करत नाही.

तिसरी गोष्ट शिशाची, आणि इथे माझा आवाज चढतो. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना शोध लागला की शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये घातले की टकटक थांबते. ते शिसे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिची झीजही रोखायचे. म्हणून जुन्या लोखंडी हेडच्या गाड्यांना शिसे हवे, असे लोक म्हणतात. पण १९२४ मध्येच न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवताना पाच कामगार मेले. धुरातले शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, आणि त्याची निर्धोक अशी मात्राच नाही. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांना ते बंद झाले, भारतात २००० पासून आणि जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.

तरी एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले की लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते, थोडे आणून मिसळा. मी सांगितले, "माझा नातू त्या गाडीचा धूर हुंगणार. या घरात ते येणार नाही." आणि ते कायद्यानेही चालत नाही. आठवड्यातून एकदा सावकाश फिरणाऱ्या गाडीची बैठक फारशी झिजत नाही. झीज लांबच्या, वेगाच्या प्रवासात होते. ज्यांना तसे फिरायचे असेल त्यांच्यासाठी शिशाऐवजी वापरायची बिनशिशाची औषधे मिळतात. एकच निवडावे, दोन प्रकार मिसळू नयेत. इंजिन कधी उघडावे लागले तर कडक पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. मग त्या बाटलीचीही गरज उरत नाही.

स्कूटरच्या पेट्रोलमध्ये पंपावर ऑइल मिसळत, ते आठवून कोणी मोटारीच्या टाकीत ऑइल ओतू नये. ते टू-स्ट्रोकसाठी होते.

शेवटी नर्स म्हणून एक. आपल्याकडचे मिस्त्री नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढत. मुलांनो, हे कधीही करू नका. पेट्रोल फुप्फुसात गेले तर जीव जाऊ शकतो. कोणाच्या पोटात गेलेच तर उलटी करवू नका, ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. हातपंप थोडक्या पैशांत मिळतो.

आता गाडी छान चालते, साध्या ८७ वर. दर रविवारी नातू मला मेरीमूर पार्कपर्यंत फिरवून आणतो. बसण्याआधी मी खाली वाकून वास घेते. तो हसतो. हसू दे. पण परवा पाहिले, मला दार उघडून देण्याआधी तोही वाकला होता.

सर्वांना शालोम.