हरवलेली चव आणि सासूबाईंचा मसाल्याचा डबा

मागच्या रविवारी आमच्या घरी चक्क पंजाब अवतरला! आम्ही राहतो वर्धा रोडला, मिहानच्या अगदी अंगाला. शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या शेतजमिनींवर हे मिहान वसलं. तिथल्या कचेऱ्यांत नोकरीला आलेली कुठकुठली मुलंमुली आता आमच्या इमारतीत भाड्यानं राहतात. खालच्या मजल्यावर लुधियान्याची एक मुलगी आहे. बिचारी आठवडाभर डब्यावर जगते, म्हणून सुटीला मी तिला जेवायला वर बोलावते. ती माझ्या सासूबाईंना 'आजी' म्हणते, सासूबाई तिला 'पंजाबीण'.

या पंजाबिणीनंच आम्हांला जेवणानंतर चित्रपट दाखवला, 'लव शव ते चिकन खुराना'. २०१२ सालचा, समीर शर्मा यांनी दिग्दर्शित केलेला. नाव ऐकून मी जरा नाकच मुरडलं होतं. पण अहो, काय मजेदार कुटुंब आहे ते! आजोबांचे पैसे घेऊन लंडनला पळालेला नातू ओमी (कुणाल कपूर) कर्जात बुडून घरी परत येतो. येतो तो काय, आजोबांचा नावाजलेला ढाबा बंद पडलेला आणि आजोबांची स्मृतीही गेलेली. पंचक्रोशी ज्या 'चिकन खुराना'साठी लोटायची, त्याची कृती आजोबांखेरीज कुणालाच ठाऊक नाही. आता तीच कृती विकून कर्ज फेडायचं ओमीच्या मनात! बालपणीची मैत्रीण हरमन (हुमा कुरेशी) त्याला स्वयंपाकात मदत करते, पण तिचं लग्न ठरलंय त्याच्याच चुलतभावाशी. पातेल्यामागून पातेली शिजतात आणि ती चव काही केल्या येत नाही. घरातला विक्षिप्त मामा राजेश शर्मा यांनी असा रंगवलाय, की तो वेडा की बाकीचे, हेच कळेना. विनोद नागपाल यांचे आजोबा फारसं बोलत नाहीत, पण लक्षात राहतात तेच.

शेवटी ते गुपित उलगडतं. मी ते सांगणार नाही. तो जिन्नस आपल्या वाणसामानाच्या यादीत बसणारा नाही, एवढंच सांगते!

गंमत म्हणजे आपल्या मराठीतल्या 'गुलाबजाम'चा (२०१८) नायकसुद्धा लंडनची नोकरी सोडून स्वयंपाक शिकायला पुण्यात येतो. लंडनला आपल्या मुलांची पोटं भरत नाहीत की काय कोण जाणे. हृषीकेश मुखर्जींच्या 'बावर्ची'त (१९७२) राजेश खन्ना भांडकुदळ घर स्वयंपाकघरातून सावरतो. तिथे मात्र कुठली कृती हरवलेली नाही. हरवलेल्या कृतीची धाकधूक मला या पंजाबी चित्रपटातच जाणवली, आणि तीही हसता हसता.

कारण चित्रपट संपल्यावर पंजाबिणीनं सहज विचारलं, "आजी, तुमचा सावजी मसाला कुणी लिहून घेतलाय का?"

माझी मान खाली गेली. सासूबाई गोळीबार चौकाकडच्या कोष्टी वस्तीतल्या. विणकरांच्या घरातली ही तिखटजाळ रांधणी, पूर्वी जवसाच्या तेलातली, आता नागपुरात पाटी लावून विकली जाते. पण प्रत्येक घरचा मसाला वेगळा आणि तो झाकलेलाच. आमच्याकडे मसाला भाजताना स्वयंपाकघराचं दार लागायचं. एकतीस वर्षं मी त्या दारापलीकडची सून. मीही मानानं कधी विचारलं नाही. आणि हल्ली सासूबाई भाजीत दोनदा मीठ घालतात. परवा मला त्यांनी नणंदेच्या नावानं हाक मारली.

"लिहून काय करता वो? हाताचा अंदाज असते," त्या म्हणाल्या.

हाताचा अंदाज कागदावर कसा उतरवायचा? युक्ती पंजाबिणीनंच काढली, तुम्हीही करून बघा. प्रत्येक जिन्नसाचा डबा आधी वजनकाट्यावर ठेवायचा, आकडा टिपायचा. मग आजींना हवं तेवढं हातानं घेऊ द्यायचं, मध्ये अवाक्षर काढायचं नाही. नंतर डबा पुन्हा तोलायचा. जो फरक येईल तो त्यांचा अंदाज. भाजण्याचा क्रमही लिहावा. आमच्याकडे धणे आणि सुकं खोबरं वेगवेगळं, खोबरं चांगलं तांबूस होईपर्यंत. दगडफूल नुसतं गरम करायचं. खसखस अगदी शेवटी, नाहीतर क्षणात जळते. लवंग-मिरी किती, ते मात्र आमच्या वहीतच राहू द्या!

एकदा त्या मध्येच थांबल्या. हातात दगडफूल, आणि पुढे काय ते आठवेना. आम्ही दोघी गप्प. बऱ्याच वेळानं त्यांनी ते नाकाशी नेलं, वास घेतला आणि हात आपोआप मिरीच्या डब्याकडे गेला.

काल त्या वहीवरून मी रस्सा केला. पंजाबिणीच्या डोळ्यांतून पाणी, तरी पोळी पुढे! सासूबाईंनी वाटीतला घोट घेतला.

"जमलं," त्या म्हणाल्या. "पण माह्यावाला नाही."

असं म्हणून उठल्या, फडताळातून एक छोटी डबी काढली आणि पातेल्यात चिमूटभर काहीतरी टाकलं. मी वजनकाटा घेऊन येईपर्यंत झाकण लागलंसुद्धा.