स्लॅब, सळई आणि वाय-फायच्या लहरी

भंडारा जिल्ह्यात कवेलूच्या घरातून स्लॅबच्या घरात राहायला गेलेल्या अनेकांना एक जुना अनुभव आठवत असेल. कवेलूखाली खणखणीत वाजणारा ट्रान्झिस्टर स्लॅबखाली आणला की कुरकुरू लागे, आणि खिडकीत ठेवला की पुन्हा नीट बोलू लागे. नागपूर आकाशवाणीचा कार्यक्रम मध्यम लहरींवर, ५८५ किलोहर्ट्झला ऐकला जाई. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागले की त्या लहरीची लांबी मिळते सुमारे ५१३ मीटर. स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते आणि तिची घरे साधारण अर्ध्या फुटाची, म्हणजे १५ सें.मी.ची असतात. पाचशे मीटर लांबीच्या लहरीला अशी जाळी सलग पत्र्यासारखीच भासते.

आता ट्रान्झिस्टरची जागा मोबाइलने घेतली आहे आणि तक्रार वरच्या मजल्यावरून येते. खाली इंटरनेट उत्तम चालते, पण वर अभ्यासाला बसलेल्या मुलाचा व्हिडिओ अडखळतो. मग कुणीतरी सुचवते की वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट छताला लावा. सल्ला बरोबर आहे. पण कोणत्या छताला आणि कसा, हे ठरवण्यापूर्वी स्लॅब काय करतो ते पाहू.

वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्याची तरंगलांबी सुमारे १२.५ सें.मी., दुसऱ्याची सुमारे ६ सें.मी. म्हणजे दोन्ही लहरी जाळीच्या घरांपेक्षा लहान आहेत. ट्रान्झिस्टरची वाट अडवणारी सळई येथे तितकी दोषी नाही. येथे अडथळा येतो तो मुख्यतः काँक्रीटचा. काही लहरी त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतात आणि काही आत शोषल्या जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाळीतून सहज जातील अशा असल्या तरी काँक्रीटमध्ये त्यांचे शोषण अधिक होते. ओल असेल तर शोषण आणखी वाढते, कारण पाणी या लहरींना चांगलेच गिळते.

स्लॅबमुळे होणारी घट ढोबळमानाने १० ते २० डेसिबेल धरता येते. समजा ती १२ डेसिबेल आहे. म्हणजे लहरींची शक्ती सोळावा हिस्सा उरली. मोकळ्या जागेत अंतर चौपट केले की शक्ती सोळावा हिस्सा होते, हा वर्गव्यस्त नियम आपण शिकवतोच. तेव्हा स्लॅबच्या वर ५ मीटरवर बसलेला मुलगा लहरींच्या हिशोबाने २० मीटर दूर बसलेला असतो! त्यामुळे दोन्ही मजल्यांवर वापर असेल, तर शक्यतो प्रत्येक मजल्याला स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट हवा. एकावरच भागवायचे आणि जिना घराच्या आतून असेल, तर तो जिन्याजवळच्या छताला लावावा. जिन्याची पोकळी मीटर-दोन मीटरची, म्हणजे तरंगलांबीच्या कितीतरी पट असते. तिच्यातून लहरी विनासायास वर जातात.

छतच का, याचे उत्तर घरातल्या सामानात आहे. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. फडताळावर हंडे-घागरींची रांग, शेजारी लोखंडी कपाट, पलीकडे फ्रीज. धातू या लहरी परतवतो आणि माणसाचे पाणीदार शरीर त्या शोषते. टीव्हीमागे ठेवलेल्या पेटीला हे सगळे ओलांडावे लागते. छतावरून खाली पाहिले तर वाट बरीच मोकळी असते. छतासाठी बनवलेल्या उपकरणाचा अँटेनाही छत्रीसारखा खाली आणि बाजूला लहरी पसरवतो. पंख्यापासून मात्र ते दूर असावे. फिरणारी धातूची पाती लहरींच्या वाटेत सतत ये-जा करतात.

आता विदर्भातल्या उन्हाची गोष्ट, जिच्याकडे आमच्या मते सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. गच्चीचा स्लॅब उन्हात हवेपेक्षाही अधिक तापतो आणि ती उष्णता हळूहळू खाली उतरते. काँक्रीटची उष्णता-विसरणशीलता घेऊन हिशोब केला, तर पाच इंची स्लॅबमधून दुपारची झळ खालच्या बाजूला पोचायला तीन-साडेतीन तास लागतात. म्हणूनच वरची खोली संध्याकाळी सहानंतर भाजू लागते, म्हणजे नेमकी इंटरनेट वापरायच्या वेळी. अनेक घरगुती ॲक्सेस पॉइंटवर चालण्याची मर्यादा ४० अंश सेल्सिअस लिहिलेली असते, आणि ते उपकरण स्वतःही उष्णता निर्माण करते. विद्युत-अपघटनी धारित्रांच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते. म्हणून गच्चीखालच्या स्लॅबला उपकरण चिकटवू नये. त्या खोलीत ते भिंतीवर, छताच्या फूट-दीड फूट खाली लावावे. दोन मजल्यांमधल्या स्लॅबला हा धोका जवळजवळ नाही. विद्यार्थ्यांना छताला तापमापी चिकटवून दर तासाला नोंद घ्यायला सांगा. कमाल तापमान बाहेरच्या हवेच्या किती मागे पडते ते आलेखात स्पष्ट दिसेल.

भोक पाडण्याची भीती अनेकांना वाटते. एक खोडरबर घ्या, त्याच्या बाजूवर उभ्या रेघा मारा आणि दोन टोके टेकवून मध्ये दाबा. वरच्या रेघा जवळ येतात, खालच्या फाकतात. स्लॅबच्या मध्यभागीही तसेच होते. वर दाब पडतो, खाली ताण. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून खालच्या बाजूला सळई घालतात. याचा अर्थ, खालून पाडलेले सहा मि.मी.चे लहान भोक काँक्रीटला दुबळे करत नाही. जपायचे ते सळईला. ती पृष्ठभागापासून केवळ २० मि.मी.च्या आसपास असते. ड्रिल अडले, आवाज बदलला, भुकटीत चकचकीत कण दिसले, तर थांबावे. ते भोक सिमेंटने बुजवून दोन इंच बाजूला सरकावे. उघड्या पडलेल्या सळईला ओल लागली की ती गंजते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि पुढे काँक्रीटचे पोपडे निघू लागतात. गच्चीखाली तर पावसाळ्यात याची फार प्रचिती येते.

सळईपेक्षा मोठा धोका विजेच्या पाइपांचा. स्लॅब ओतण्यापूर्वी वायरमन पंखा आणि दिव्यांचे पाइप सळयांवर बांधून ठेवतो. पंख्याच्या खोक्यापासून स्विचबोर्डाच्या भिंतीपर्यंतचा पट्टा त्यामुळे संशयास्पद समजावा. तिकडे ड्रिल नको. घर बांधले जात असेल तर स्लॅब ओतण्याआधी पाइपांचे फोटो काढून ठेवणे सर्वांत उत्तम. काम करताना त्या खोलीची वीज बंद ठेवून ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून वायर आणावी. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच, कारण ही धूळ सिलिकाची असते. एक कागदी पेला तळाला भोक पाडून ड्रिलच्या पात्यावर चढवला, तर बरीच धूळ त्यातच पडते. तीस मि.मी. खोल भोक, त्यात प्लॅस्टिकची गिट्टी आणि स्क्रू. पाव-अर्धा किलोच्या उपकरणाला एवढे पुरते.

वीजपुरवठ्यासाठी वेगळा प्लग लागत नाही. २००३ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकाच लॅन केबलमधून माहिती आणि १५.४ वॉटपर्यंत वीज, दोन्ही १०० मीटरपर्यंत नेता येतात. वीज देणारी छोटी पेटी इन्व्हर्टरच्या जोडणीवर ठेवली, तर वीज गेली तरी वाय-फाय सुरू राहते. मात्र मोडेमलाही तीच जोडणी हवी. ही केबल भिंतीवरच्या पट्टीतून न्यावी, २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपात कधीही घालू नये.

उपकरण कायमचे बसवण्यापूर्वी ते एका लांब काठीला बांधून छताजवळ धरा आणि मोबाइलवरच्या सिग्नल मोजणाऱ्या ॲपचे आकडे प्रत्येक खोलीत लिहून घ्या. आकडे उणे असतात. उणे ५० आणि उणे ६० यांत दहापट फरक आहे, हे मुलांना आधी सांगावे. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ सहसा सुरळीत चालतो. दोन-तीन जागा बदलून पाहिल्या की भोक कुठे पाडायचे ते वहीतच दिसते.