मागच्या बाकावरून पाहिलेल्या मोटारी

वेरूळास लेणीं पाहावयास गेलेला गृहस्थ लेण्यांकडे पाठ करून वाहनतळावरील मोटारी न्याहाळीत उभा राहिला, तर त्याच्या रसिकतेविषयीं लोकांस शंका येणें स्वाभाविक आहे. आमच्या बाबतींत ती शंका घरच्या मंडळींनीं फार पूर्वींच निकालांत काढिली आहे. मोटार दिसली कीं तिचें नाक, तिचे दिवे, चाकांचा घेर आणि दरवाजा लावतांना होणारा आवाज यांची मनांत नोंद झाल्यावांचून आमचें पाऊल पुढें पडत नाहीं. गेल्या माघांत आईस घृष्णेश्वराचें दर्शन घडवावें म्हणून आम्ही दोन गाड्या घेऊन वेरूळास गेलों. एक आमची, दुसरी पुतण्याची. तेथें आमच्या या मोटारविद्येची जी परीक्षा झाली, तिची हकीकत वाचकांस सांगावयाची आहे.

मोटारीचें वेड लागण्यास आमचा जिल्हा अनुकूल आहे, हें कबूल केलें पाहिजे. वाळूजला 1985 सालीं बजाजचा कारखाना उभा राहिला. पुढें 2001 सालीं शेंद्र्यास स्कोडा कंपनीची ऑक्टाव्हिया जुळविली जाऊं लागली. बोहेमियांतील म्लादा बोलेस्लाव गांवीं लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनीं 1895 सालीं सायकलींपासून आरंभिलेला हा धंदा शंभर वर्षांनीं आमच्या दारीं आला, याचें आम्हांस त्या वेळीं केवढें अप्रूप वाटलें! ऑक्टाव्हियाचें रूप भपकेबाज नव्हतें. रेषा सरळ, अंग घट्ट, आणि दार लावलें म्हणजे जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजासारखा भरदार आवाज होई. मागची कांच झांकणासकट वर उचलली जाई व पोटांत बिऱ्हाडाचें सामान मावे. मागें बसणाराच्या गुडघ्यांस मात्र जागा बेताची होती. ही उणीव त्याच घराण्यांतील सुपर्ब गाडीनें भरून काढली. एवढेंच नव्हे, तर तिच्या मागच्या दारांत छत्री ठेवण्याची एक नळी केलेली होती, ओली छत्री ठेवली तरी पाणी आपोआप निथळून जावें अशी. छत्र्या हरविण्याची ज्यांच्या घराण्यांत परंपराच आहे, त्यांस या नळीचें मोल सांगावयास नको. युरोपांतील यांच्या कित्येक गाड्यांत इंधनाच्या झांकणाशीं कांचेवरचें बर्फ खरवडण्याची पट्टी अडकविलेली असते. मराठवाड्यांत तिचा उपयोग फार तर लोणचें काढण्यास होईल. पण करणाराचें लक्ष वापरणाराच्या हाताकडे होतें, हें तिच्यावरून कळतें.

2010 च्या ऑक्टोबरांत तर आमच्या शहरानें साऱ्या देशास तोंडांत बोट घालावयास लाविलें. येथील उद्योजक, डॉक्टर, व्यापारी अशा मंडळींनीं एकजूट करून सुमारे 65 कोटी रुपयांच्या दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. दुष्काळी मुलूख म्हणून नाक मुरडणारांस परस्पर उत्तर मिळालें, याचा आनंद आम्हांसहि झाला. चर्चा झाली ती किती गाड्या आणि किती किंमत याची. त्यांत मागें बसल्यावर कसें वाटतें, असें कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं.

वेरूळच्या वाहनतळावर नव्या गाड्यांची रांग पाहतां आमचें पहिलें मत पडलें तें असें, कीं हल्लींच्या मोटारी फार रागावलेल्या दिसतात. पुढची जाळी दर नव्या आवृत्तींत वाढत चालली आहे, दिवे डोळे वटारल्यासारखे आहेत, आणि बंपरावर जागोजाग वारा आंत घेण्याचीं खोटीं भोकें कोरलेलीं आहेत. त्यांतून वारा आंत जात नाहीं. आम्ही या खोटेपणावर बोलत असतां पुतण्यानें आम्हांस चांगलेंच पेचांत धरिलें. आम्ही त्या वेळीं दहाव्या लेण्यांत, म्हणजे लोक ज्यास विश्वकर्म्याचें लेणें किंवा सुताराचें झोपडें म्हणतात तेथें, उभे होतों. "काका, हे छताचे दगडी वांसे तरी कुठला भार तोलतात?" असें त्यानें विचारलें. प्रश्न चोख होता. लांकडी बांधणीची आठवण म्हणूनच शिल्प्यांनीं त्या फासळ्या दगडांत कोरल्या आहेत. छत त्यांच्यावर टेकलेलें नाहीं. आम्हीं थोडा वेळ विचार करून उत्तर दिलें, कीं या फासळ्यांच्या मागें मागें डोळा आपोआप स्तूपापर्यंत जातो. बंपरावरच्या भोकांत डोळा कोठेंच जात नाहीं, फक्त धूळ सांठते. पुतण्याचें समाधान झालें असें दिसलें नाहीं.

कैलासापुढें मात्र त्याला आमचें म्हणणें पटलें. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळीं, आठव्या शतकांत, वरून खालीं एकाच खडकांतून कोरीत आणिलेलें तें मंदिर; त्यांत पाया वेगळा आणि भिंत वेगळी असें कांहीं नाहीं. आजच्या बहुतेक मोटारींचा सांगाडा आणि अंग यांत असाच भेद उरलेला नाहीं; त्या बांधणीस मोनोकॉक म्हणतात. ती पत्रे जोडूनच होते हें खरें. पण एकदां जोडल्यावर सारें अंग भार वाहतें, आणि टकरींत पुढचा भाग चुरडला जाऊन आघात गिळील व माणसांची बसण्याची जागा शाबूत राहील, अशी योजना त्यांत नीट करतां येते. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांत खालीं शिडीसारखी भक्कम चौकट आणि वर अंग चढविलेलें असतें. खडकाळ वाटेस आणि ओझ्यास ती बांधणी उत्तम; मात्र घाटाच्या वळणावर ती अधिक डुलते, आणि तें चालविणारापेक्षां मागें बसलेल्यास आधीं कळतें.

दर्शन आटोपून परत निघण्याची वेळ आली, तेव्हां खरी परीक्षा झाली. येतांना आई पुतण्याच्या उंच गाडींतून आली होती. त्या गाडीस छतावर सरकती कांच आहे, आणि पुढें एवढा मोठा पडदा आहे कीं वातानुकूलनाचा वारा कमी करावयाचा तरी त्यावर बोट फिरवून योग्य खूण शोधावी लागते. (या पडद्यांचा अतिरेक युरोपांतहि जाणवूं लागला आहे, तेथील युरो एनकॅप संस्थेनें इशारादिवे, वायपर, भोंगा अशा गोष्टींस खऱ्याखुऱ्या कळा असाव्यात, अशी अपेक्षा आपल्या 2026 पासूनच्या परीक्षेंत धरली आहे.) छताच्या कांचेंतून आईनें दौलताबादचा किल्ला पाहिला असेल, असें पुतण्यास वाटत होतें. आईनें सांगितलें, कीं तिला फक्त ऊन दिसलें. आणि उतरतांना पाय जमिनीस लागेना. म्हणून परततांना ती आमच्या सेडानमध्यें बसली. ही गाडी कोणाची हें येथें सांगत नाहीं. आमची आहे, आणि तिच्याविषयीं आम्ही गेलीं कित्येक वर्षें व्याख्यानें देत आलों आहों. तींत आई बसली म्हणजे अक्षरशः खालीं बुडाली.

"अरे, ॲम्बेसॅडर बरी होती. खुर्चीवर बसल्यासारखं बसतां यायचं," ती म्हणाली.

मॉरिस ऑक्सफर्डवरून उचललेल्या, उत्तरपाड्यास 2014 सालापर्यंत निघणाऱ्या त्या गाडीची आम्ही जन्मभर थट्टा केली. स्टेअरिंग जड, रूप सनातन, इंजिन गुरगुरणारें. आम्ही फियाटचे, म्हणजे मुंबईस कुर्ल्यांत होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे पक्षपाती होतों. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर होता, आणि चण नाजूक होती. पुढें 1983 सालीं मारुति 800 आली, तेव्हां 796 सीसीचें तिचें इंजिन एका चावीसरशीं सुरू होतांना पाहून आम्हांस धन्य वाटलें. पुण्याच्या टाटांची इंडिका 1998 सालीं आली; तिच्या लहानशा अंगांत मागें तिघेजण ऐसपैस बसत, हा तिचा मोठाच गुण. परंतु ॲम्बेसॅडरच्या बाकाची उंची साध्या घरगुती खुर्चीएवढी आहे, हें आमच्या लक्षांत पन्नाशी उलटेपर्यंत आलें नव्हतें.

आई बसल्यावर आम्हीं तिला पट्टा लावावयास सांगितलें. 4 सप्टेंबर 2022 रोजीं पालघर जिल्ह्यांतील मोटारीच्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या बाकावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागचे दोघे गेले, पुढचीं दोघें जखमी होऊन वांचलीं. मागें बसणारानेंहि पट्टा लावला पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 138 वा नियम त्यापूर्वींचाच आहे. व्होल्व्हो कंपनींतील निल्स बोलिन यांनीं 1959 सालीं तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीनें तो इतर कारखान्यांसहि खुला केला. मोटारींतील साऱ्या सोयींत ही श्रेष्ठ, असें आम्ही आजवर अनेकांस ऐकविलें आहे.

आईनें पट्टा ओढला आणि विचारलें, "अडकवायचा कुठं?"

आम्हीं बाकावर हात फिरविला. खांच सांपडेना. गाडी घेतली तेव्हां बाकांवर जें सुंदर बदामी आच्छादन आम्हीं हौसेनें निवडून घातलें होतें, त्याच्याखालीं मागच्या पट्ट्यांच्या तिन्ही खांचा गाडल्या गेल्या होत्या. नऊ वर्षें त्या बाकावर आई बसली, सौ. बसली, लग्नाकार्यांस जातांना पोरें बसलीं. दर आठवड्यास आम्ही ती गाडी स्वतः पुसतों. सौ. कांहींएक बोलली नाहीं. फुलांच्या दुकानावरून कात्री मागून आणून तिनें ती आमच्या हातीं दिली.

बदामी आच्छादनास तीन भोकें पडलीं. खांच निघाली ती नवीकोरी होती. आईचा पट्टा तींत खट्‌कन बसला. पाठीशीं उंची यावी म्हणून खालीं एक घडी केलेलें जाजम घातलें आणि निघालों.

खुलताबादेस भद्रा मारुतीच्या दर्शनासाठीं दोन्ही गाड्या थांबल्या. पुतण्याच्या गाडींत मागें मुलें छताच्या कांचेकडे तोंडें करून बाकावर उभीं होतीं. आई आमचा हात धरून उतरली, देवळाकडे न वळतां त्या गाडीशीं गेली आणि मागच्या खिडकीवर तिनें बोटानें टकटक केलें.