चाकाच्या पोटांत काय असतें?

श्रोतेहो, कीर्तनांतून आपण सर्वांनीं ऐकलेली एक कथा आहे. दशरथ राजा युद्धांत गुंतला असतां त्याच्या रथाच्या चाकाची कुणी निखळून पडली. चाक आंसावरून सुटणार, तोंच शेजारीं बसलेल्या कैकेयीनें कुणीच्या जागीं आपला हात घातला आणि राजाचे प्राण वांचविले. त्या उपकाराचे दोन वर पुढें अयोध्येला किती महाग पडले, तें सांगावयास नको. रामायणाचा एवढा मोठा विस्तार लोककथेनें चाकाच्या एका लहानशा खिळीवर तोलून धरला आहे. ज्यानें ही कथा प्रथम रचली त्याला गाडी हांकण्याचा अनुभव खचित असला पाहिजे.

आज त्या खिळीचीच गोष्ट मला आपणांस सांगावयाची आहे; मात्र रथ अयोध्येचा नसून गोंदिया जिल्ह्यांतील आहे. मार्गशीर्षाच्या सुमारास कोहमाऱ्याहून गोंदियाकडे, किंवा आमगांव–सालेकशाच्या बाजूस एखाद्या संध्याकाळीं जाऊन पाहा. धानानें भरलेल्या ट्रॉल्यांची रांग ट्रॅक्टरांमागून संथपणें चाललेली दिसेल. कोणी खरेदी केंद्राकडे निघाली आहे, कोणी राईस मिलकडे. याच ट्रॉल्यांतून आषाढांत रोवणीसाठीं बायकामाणसें बांधीवर जातात, आणि लग्नसराईंत वऱ्हाडही जातें. माणसांची अशी वाहतूक करूं नये असा कायदा आहे. परंतु ती होते, हें आपण जाणतों. आपल्यापैकीं पुष्कळांची शेती गांवीं आहे आणि बिऱ्हाड शहरांत. ट्रॉली आपल्या नांवावर असते, ती चालवितो दुसराच, आणि तिच्या चाकाच्या पोटांत काय आहे हें आपण जन्मांत कधीं पाहिलेलें नसतें. म्हणून हें भाषण.

प्रथम ओझ्याचा हिशेब करूं. धानाचा कट्टा ४० किलोचा धरला, तर १०० कट्टे म्हणजे ४० क्विंटल, अर्थात् ४ टन. चार चाकांच्या ट्रॉलींत प्रत्येक चाकाच्या वांट्यास एक टन धान येतें. ट्रॉलीचें स्वतःचें वजन आणखी वेगळें. हा सगळा भार शेवटीं टेकतो तो आंसाच्या टोंकावर, मनगटाएवढ्या जागेंत. आणि त्या जागीं चाक तर फिरतें राहिलें पाहिजे!

आपल्या जुन्या बैलगाडींत हा प्रश्न साध्या रीतीनें सोडविलेला असे. लोखंडी आंसावर चाकाचा तुंबा सरळ घासत फिरे, आणि मध्यें वंगण असे. गाडीखालीं वंगणाचें नळकांडें टांगलेलें असे, आणि चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान उतरून तें लावी. बैलाच्या चालीला एवढें पुरे होतें. परंतु वेग वाढला कीं घर्षण वाढतें, घर्षणानें उष्णता वाढते, आणि उष्णतेनें वंगण पातळ होऊन वाहून जातें. म्हणून एक युक्ति निघाली: दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासूंच द्यावयाचे नाहींत, त्यांच्यामध्यें गोल वस्तु घालून त्यांना लोळत जाऊं द्यावयाचें. जड पेटी सरकविण्यासाठीं आपण खालीं गोल लांकडें घालतों, तीच ही युक्ति. १७९४ सालीं वेल्समधील फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदारानें गाडीच्या आंसासाठीं गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. पुढें १८९८ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुईचे बग्गी बनविणारे हेन्री टिमकेन यांनीं निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट मिळविलें. आज आपल्या ट्रॉलीच्या चाकांत बहुधा हेंच बेअरिंग असतें. त्याचा जन्म मोटारीसाठीं नव्हे, घोडागाडीसाठीं झाला, ही गंमत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

रूळ निमुळते कां? सरळ रूळ वरून येणारा भार उत्तम पेलतो. पण गाडी वळतांना, किंवा एक चाक चाकोरींत उतरून ट्रॉली कलली असतां, भार बाजूनेंही येतो. निमुळता रूळ तिरपा बसत असल्यामुळें तो वरचा व बाजूचा असे दोन्ही भार सोसतो. पण तो एकाच दिशेचा बाजूचा भार घेऊं शकतो. यासाठीं प्रत्येक तुंब्यांत दोन बेअरिंगें एकमेकांकडे तोंड करून बसविलेलीं असतात. आंतल्या बाजूस मोठें, बाहेरच्या बाजूस लहान. बाहेरून एक नट तें सगळें आवरून धरतो, आणि नट फिरूं नये म्हणून त्यांतून एक दुभंगलेली पिन आरपार घातलेली असते. हीच आपली कैकेयीच्या कथेंतली कुणी. त्यावर पत्र्याची टोपी असते, आणि मागील बाजूस ग्रीस आंत व चिखल बाहेर ठेवणारें रबरी सील.

आतां हें बेअरिंग बिघडतें कसें तें पाहूं. आमच्या भागांतील पहिला शत्रु पाणी. धानाच्या मुलखांत ट्रॉलीला बांधींतून आणि नाल्यांतून जावेंच लागतें. समजा, पंधरा किलोमीटर चालून तुंबा ६५ अंशांपर्यंत तापला आहे, आणि तो एकाएकीं २५ अंशांच्या पाण्यांत उतरला. आंतील हवा निवून सुमारें आठव्या हिश्श्यानें आकसते. आंत पोकळी निर्माण झाली, कीं सीलच्या ओठाजवळून पाणी आंत ओढलें जातें. म्हणजे पाणी नुसतें शिरत नाहीं. गरम तुंबा तें पिऊन घेतो! पुढें ट्रॉली महिना दोन महिने गोठ्यापाशीं उभी राहते. रूळ जेथें टेकले असतील तेथें गंज धरतो, आणि कडीवर बारीक खांचा पडतात. सुगीला ट्रॉली बाहेर पडते तेव्हां प्रत्येक रूळ त्या खांचांवरून ठेचाळत जातो. बी पावसाळ्यांत पेरलें जातें, आणि फळ मार्गशीर्षांत भर रस्त्यावर हातीं येतें.

दुसरा शत्रु म्हणजे मिस्त्र्याचा जोर. नट जितका घट्ट तितकें चाक सुरक्षित, असा समज सार्वत्रिक आहे, आणि तो सर्वस्वीं चुकीचा आहे. तापल्यावर धातु फुगतो. त्याला जागाच ठेविली नाहीं तर रूळ कड्यांमध्यें चिरडले जातात, ग्रीसचा पापुद्रा फाटतो आणि बेअरिंग जळतें. उलट नट फारच सैल असला तर चाक डुगडुगतें आणि भार एकाच कडेवर येतो. तरीही घट्टपणा हा सैलपणाहून अधिक घातक, हें विसरूं नये.

शेवट कसा होतो? ग्रीस संपलें कीं धातु धातूला घासतो. रुळांना अंतरावर ठेवणारा पिंजरा तुटतो. रूळ अडकतात, आणि आंतलें कडें आंसावरच फिरूं लागून त्याला कापीत जातें. बाहेरच्या बेअरिंगचा चुरा झाला कीं नट आणि पिन जागच्या जागीं असूनही तुंबा त्यांच्यावरून निघून जातो. अंधार, चार टनांचें धान, आणि कदाचित् त्या धानावर बसलेलीं माणसें!

सुदैवानें हें संकट सूचना दिल्यावांचून क्वचितच येतें. रेल्वेच्या जुन्या पद्धतीचें स्मरण करा. गोंदियासारख्या जंक्शनवर गाडी थांबली कीं डबे तपासणारा माणूस आंसाच्या पेट्यांना हात लावीत गाडीच्या कडेनें जात असे. तापलेली पेटी सांपडली तर तो डबा पुढें जात नसे. आपणही तेंच करावें. दहा–पंधरा किलोमीटर गेल्यावर ट्रॉली कडेला घ्यावी, आणि प्रत्येक तुंब्याजवळ तळहाताची मागील बाजू प्रथम नुसती नेऊन, मग हलकेच टेकवून पाहावी. चारही तुंबे सारखेच कोमट असतील तर चिंता नाहीं. एकच तुंबा इतरांहून स्पष्ट गरम असेल, किंवा हात ठेववत नसेल, तर तेथेंच थांबावें. मात्र चाकाला ब्रेक असेल तर ब्रेकनेंही तें तापतें, हें ध्यानांत घ्यावें. गरम तुंब्यावर पाणी ओतूं नये. कां, तें वर आलेंच आहे.

दुसरी परीक्षा घरीं करावयाची. रिकामी ट्रॉली सपाट कठीण जागीं ट्रॅक्टरला जोडलेली ठेवावी, इतर चाकांना पुढून मागून दगड लावावे, एक चाक जॅकनें उचलावें आणि आंसाखालीं भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीही खालीं शिरूं नये. मग चाक हातानें फिरवून कान द्यावा: खरखर किंवा अडखळणें असेल तर दोष आहे. चाक वरून व खालून धरून हलवावें: किंचित् हालचाल चालेल, खडखड नव्हे.

वर्षांतून निदान एकदां तुंबा खोलून बेअरिंग धुवून नवें ग्रीस भरलें पाहिजे. चिखलपाण्यांतून जाणाऱ्या ट्रॉलीस दोनदां. अश्विनांत, कापणीच्या आधीं, हें काम करावें म्हणजे पावसाळ्याचें पाणी सुगीपर्यंत आंत राहत नाहीं. जुनें ग्रीस दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें असें समजावें. बेअरिंग रॉकेलांत किंवा डिझेलमध्यें धुवून पूर्ण वाळवावें आणि उजेडांत निरखावें. निळसर डाग तापल्याची खूण. खड्डे व गंज झिजल्याची. असें दिसल्यास आंतलें व बाहेरचें कडें जोडीनेंच बदलावें. जुन्या कड्यांत नवे रूळ घालणें ही काटकसर नव्हे.

ग्रीस चाकासाठींच बनविलेलें लिथियम जातीचें घ्यावें, आणि निरनिराळ्या जातींचें मिश्रण करूं नये. कित्येकदां दोन चांगलीं ग्रीसें एकत्र आलीं कीं पातळ होऊन वाहतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबीत राहावी, म्हणजे रुळांच्या फटींतून तें दुसऱ्या बाजूनें वर येतें. नुसतें वरून फांसलेलें ग्रीस आंत पोंचत नाहीं. तुंब्याची पोकळी मात्र गच्च भरूं नये. ग्रीसला फुगण्यास जागा हवी, नाहींतर तें सील ढकलून बाहेर येतें. सील दर खेपेस नवें घालावें. नंतर चाक फिरवीत नट आवळावा, म्हणजे रूळ नीट बसतात. मग तो सैल करावा आणि फक्त बोटांनीं लागेल तितकाच पुन्हा लावावा. पिनचें भोंक जुळत नसेल तर नट पुढें न नेतां किंचित् मागें घ्यावा. बनविणाऱ्यानें निराळें माप दिलें असेल तर तेंच प्रमाण. पिन नेहमीं नवी. वांकवून सरळ केलेली पिन पुन्हा वापरणें म्हणजे मोडण्याचें निमंत्रण.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरावॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. मोटारीमागें बिऱ्हाडाची गाडी जोडून नवेगांवबांध किंवा नागझिऱ्याच्या अरण्याकडे जावें, अशी हौस कोणा कुटुंबास झाली, तर तिच्या चाकाच्या पोटांतही हेंच यंत्र असतें, आणि हेच नियम तिलाही लागतात. किंबहुना अधिकच; कारण अशी गाडी वर्षांतील बराच काळ उभी असते, आणि निघाली म्हणजे ट्रॉलीहून पुष्कळ अधिक वेगानें धांवते.

श्रोतेहो, कैकेयीला हात घालावा लागला, कारण निघण्यापूर्वीं कोणी कुणी पाहिली नव्हती. पुढच्या खेपेस गांवीं जाल तेव्हां धानाचा भाव विचारण्याबरोबर ट्रॉलीचा तुंबा शेवटचा केव्हां उघडला होता, एवढेंही विचारा. उत्तर आठवत नसेल, तर तें उत्तरच पुरेसें आहे. एक सील, एक पिन, थोडें ग्रीस आणि एका सकाळचे श्रम, एवढाच हा खर्च. त्या ट्रॉलींत बसून रोवणीला जाणाऱ्या माणसांनीं आपला जीव आपल्या चाकांवर ठेवलेला असतो, आणि त्या चाकांचे मालक आपण आहोंत.