एफ-सात आणि एफ-आठ

जून लागला की सेलूला आमच्या सेवा केंद्राच्या दारात सकाळपासूनच चपलांचा ढीग पडतो. केळझर, हिंगणी, सिंदी इथून मुलं वडिलांना घेऊन येतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला जातीचा, कुणाला नॉन-क्रिमीलेयर. ‘‘भाऊ, आज होऊन जाईन ना?’’ हा प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच.

लोकांना वाटतं, वेळ अर्ज भरण्यात जातो. खरा वेळ जातो फायलींत. स्कॅन केलेल्या टीसीला नाव द्या, ‘आपले सरकार’ पोर्टलला चालेल अशी 75 ते 500 केबीत बसवा, त्या मुलाच्या फोल्डरात टाका. हे दिवसातून शंभरदा.

या कामाला मी डबल कमांडर हा फाइल मॅनेजर वापरतो. फुकट आहे आणि पडद्यावर दोन खिडक्या शेजारी-शेजारी असतात: डावीकडे स्कॅनरचं फोल्डर, उजवीकडे अर्जदाराचं. ही रचना 1986च्या नॉर्टन कमांडरपासून चालत आली आहे. एफ-पाच म्हणजे कॉपी, एफ-सहा म्हणजे हलवणं, एफ-सात म्हणजे नवं फोल्डर, एफ-आठ म्हणजे डिलीट.

गोची इथेच होती. एका गर्दीच्या दुपारी नवं फोल्डर करायला गेलो आणि बोट एफ-आठवर पडलं. ‘खात्री आहे का?’ असं त्यानं विचारलं, पण एंटर दाबायची सवय हाताला इतकी जडलेली की वाचण्याआधीच दाबलं गेलं. एका मुलीचे सगळे कागद गेले. रिसायकल बिनमध्ये सापडले म्हणून निभावलं, पण तिच्या वडिलांचा उतरलेला चेहरा मी विसरलो नाही.

त्याच रात्री सेटिंगमधल्या ‘हॉट कीज’च्या पानावर जाऊन एफ-आठचं काम काढून टाकलं. डिलीटसाठी डिलीटचंच बटण पुरेसं आहे, आणि ते लांब आहे हेच बरं.

मग टूलबारही उपसला. वर्षभरात कधी न लागलेली चित्रं काढली. उरलेल्या जागी एक बटण केलं: निवडलेला फोटो इरफानव्ह्यू या फोटोच्या प्रोग्रामकडे जातो आणि दर्जा थोडा कमी होऊन लहान फाइल तयार होते. एकदा आज्ञा नीट लिहिली, की पुढे फक्त एक क्लिक. कंट्रोल-डीच्या यादीत रोजची फोल्डरं बसवली. स्कॅनरनं दिलेली आकड्यांची नावं कंट्रोल-एमनं एका दमात बदलतो, आणि नवी नावं जुन्यांशेजारी दिसतात, त्यामुळे चूक आधीच कळते.

माझं ठाम मत आहे की टूलबारवर रोज लागतं तेवढंच असावं. मिसळणाच्या डब्यात सात वाट्याच असतात, सगळं वाणसामान नाही.

केंद्र चालवणाऱ्या मित्रांना एक विनंती. हे सगळं बसवून झालं की डबल कमांडरच्या सेटिंग फोल्डरातल्या ‘डबलसीएमडी.एक्सएमएल’ आणि ‘शॉर्टकट्स.एससीएफ’ या दोन फायली पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. संगणक भर जूनमध्येच बंद पडतो.